रांग गेली, नोंदवहीही गेली

जामखेड तालुका हा अहिल्यानगर जिल्ह्याचा आग्नेयेकडील टोकाचा मुलूख. एका अंगास बीड, दुसऱ्या अंगास धाराशिव, खाली सोलापूर जिल्ह्याचा करमाळा. पाऊस बेभरवशाचा, रेल्वेचा रूळ नाही आणि जिल्ह्याचे ठिकाण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आणि १७९५ च्या लढाईचे खर्डेही याच तालुक्यात. परंतु इतिहासात मान असला म्हणून वर्तमानात वाहन मिळतेच असे नाही. रात्री अपरात्री आजारी माणूस नगरला न्यावयाचा झाल्यास एस.टी. ची वाट पाहता येत नाही, आणि भाड्याची जीप मिळेल त्या भावाने करावी लागते. अशा मुलखात लहान मोटारीस चैन म्हणण्याचे दिवस मागे पडले. माध्यमिक शाळेतील शिक्षक, तहसील कचेरीतील लिपिक, किराणा दुकानदार, उडीद-तुरीचे बरे पैसे झालेला शेतकरी अशी माणसे आज चार चाकांचा विचार करतात, आणि तो त्यांनी करू नये असे सांगण्याचा अधिकार कोणास नाही.

विचार झाला की नगरची, क्वचित बीडची किंवा पुण्याची वाट धरावी लागते. शोरूममध्ये सरबराई उत्तम होते. रंग निवडला जातो, आगाऊ रक्कम भरली जाते, पावती मिळते आणि तोंडी सांगितले जाते: ‘सहा आठवडे, फार तर आठ.’ सहा आठवडे सरतात. मग दूरध्वनीचे पर्व सुरू होते. ‘कंपनीतून निघाली आहे’, ‘वाटेत आहे’, ‘तुमचा रंग या खेपेस आला नाही, पांढरा घेणार असाल तर उद्याच’, ‘वरचे मॉडेल घेत असाल तर आज’. दसरा म्हणून ठरलेली गाडी दिवाळीवर जाते आणि दिवाळीची पाडव्यावर. साडेतीन मुहूर्तांपैकी कोणता तरी एक नेहमीच पुढे शिल्लक असतो, ही विक्रेत्याच्या दृष्टीने मोठीच सोय म्हणावी लागेल.

यात तक्रार करण्यासारखे काय, असे कोणी विचारील. गाडी तर मिळतेच. चार आठवडे उशिरा. वस्तुतः प्रश्न चार आठवड्यांचा नाही. अर्थशास्त्रात किंमत म्हणजे केवळ रुपये नव्हेत. एखादी वस्तू मिळविण्यासाठी माणूस जे जे सोडतो ते सर्व किंमतच असते, आणि त्यात वेळही आला. फरक एवढाच की रुपयांत दिलेली किंमत कोणाच्या तरी हाती पडते. रांगेत घालविलेला वेळ बहुधा कोणाच्याच हाती पडत नाही. तो नुसता वाया जातो. म्हणून ज्या व्यवस्थेत रांग लागते त्या व्यवस्थेस दोन प्रश्न विचारले पाहिजेत. रांग कोणामुळे लागली? आणि रांगेतील क्रम कोणाच्या वहीत लिहिलेला आहे? पहिल्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. दुसऱ्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

मोटारीसाठी वाट पाहणे ही या देशात नवी गोष्ट नाही. आजच्या विद्यार्थ्यास सांगूनही खरे वाटणार नाही, परंतु १९७० च्या आगेमागे साऱ्या भारतात वर्षाकाठी तीस-चाळीस हजारांच्या आसपास मोटारी तयार होत. कारखाने मोजून तीन: उत्तरपाड्यास अॅम्बॅसेडर, मद्रासला स्टँडर्ड आणि आपल्या कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, जी पुढे ‘पद्मिनी’ या नावाने घराघरांत ठाऊक झाली. कोणी किती गाड्या करावयाच्या हे परवान्याने ठरे; परदेशी सुटे भाग किती आणावयाचे हे परकीय चलनाच्या वाटपाने ठरे. १९६९ मध्ये किमतीवरही कायदेशीर नियंत्रण आले. कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि सत्तरीच्या दशकातच ते नियंत्रण सैल झाले. उत्पादन बांधलेले, किंमतही बांधलेली आणि मागणी मात्र मोकळी, म्हटल्यावर रांग लागणे ओघानेच आले. ती वर्षांची असे. नवी गाडी हाती आल्याबरोबर विकली तर खरेदीहून अधिक पैसे येत, म्हणजे जुनी गाडी नव्या गाडीहून महाग! पाठ्यपुस्तकातील मागणी-पुरवठ्याच्या रेषा शिकविताना शिक्षकास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

स्कूटरची गोष्ट निराळी नव्हती. आकुर्डीच्या कारखान्यातील ‘चेतक’ मिळविण्यासाठी मध्यमवर्गीय पुणेकर वर्षानुवर्षे थांबला. परदेशी असलेल्या नातलगाने परकीय चलनात पैसे भरले तर ती लवकर मिळे. ज्याचा भाऊ आखातात तो पुढे, ज्याचा भाऊ शेवगाव-पाथर्डीत तो मागे, असा तो न्याय होता.

त्या काळाबद्दल हळहळ वाटावी असे फारसे काही नाही. टंचाई ही निसर्गाने दिलेली नव्हती. ती कागदावर निर्माण केलेली होती. ‘ऑन’ या दोन अक्षरी शब्दाने एका पिढीच्या सचोटीची जेवढी हानी केली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दाने केली असेल. तरीही त्या व्यवस्थेतील एक गोष्ट आज मुद्दाम आठवावी अशी आहे. १९५९ मध्ये मोटारगाड्यांच्या वितरण व विक्रीवरील नियंत्रणाचा आदेश निघाला. त्यान्वये विक्रेत्यास नोंदणीची वही ठेवावी लागे आणि तीतील क्रमाने गाडी द्यावी लागे. सरकारी कोट्याच्या गाड्या त्यातून वगळलेल्या असत, आणि त्या वाटेने वशिला शिरे, हे खरे. नवी गाडी घेणाऱ्यास ती दोन वर्षे परवानगीवाचून विकता येत नसे. हा नियम पुष्कळदा कागदोपत्रीच पाळला जाई, हेही खरे. परंतु वही होती. आपला क्रमांक कितवा, हे विचारण्याचा हक्क ग्राहकास होता आणि उत्तर देण्याचे बंधन विक्रेत्यावर होते. नियम मोडला जात असे याचाच अर्थ नियम अस्तित्वात होता.

१९८३ च्या एप्रिलमध्ये मारुतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा या रांगेचे रूप पालटले. दहा हजार रुपये अनामत भरून सव्वा लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. गुणाकार करून पाहावा: सव्वाशे कोटी रुपये. एकही गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी कारखान्याच्या हाती एवढा पैसा आला, आणि तो एखाद्या धनकोकडून नव्हे, ग्राहकाकडून आला. त्या दहा हजारांत कित्येक शिक्षक-कारकुनांची भविष्यनिर्वाह निधीतील उचल होती. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते सुपूर्त झाली. पुढे गाड्या निघत राहिल्या, लोकांना त्या मिळतही गेल्या. मारुतीने शब्द राखला हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. पण ग्राहकाच्या अनामतीवर धंदा उभा राहू शकतो, हा धडा सर्व उद्योगाने त्या वेळी गिरविला. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवान्यातून मुक्त झाला. रांगा संपतील अशी अपेक्षा होती, आणि बहुतांशी त्या संपल्याही. परंतु नवी गाडी येणार म्हटले की अनामतींचा पूर पुन्हा पुन्हा येत राहिला. १९९६ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट उनो येणार म्हणून दोन लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या. कामगार तंट्यात उत्पादन अडले आणि पुष्कळांना गाडीऐवजी आपलेच पैसे परत घेण्यासाठी थांबावे लागले. १९९९ च्या जानेवारीत टाटांच्या इंडिकासाठी, पुण्याजवळच्या पिंपरीच्या कारखान्यातून निघणाऱ्या त्या गाडीसाठी, एक लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले.

नॅनोचे प्रकरण याहून बोधप्रद आहे, म्हणून त्यापाशी थोडे थांबणे योग्य. १० जानेवारी २००८ रोजी रतन टाटा यांनी दिल्लीच्या प्रदर्शनात ती गाडी दाखविली तेव्हा ‘एक लाखाची गाडी’ हे शब्द खेड्यापाड्यांत पोचले. दुचाकीवर नवरा-बायको आणि दोन मुले बसून पावसात निघालेली पाहून ही कल्पना सुचली, असे टाटा सांगत. आणि तसे कुटुंब जामखेड-नगर रस्त्यावर कोणत्याही दिवशी दिसे. पुढे सिंगूरचा वाद झाला, २००८ च्या ऑक्टोबरात प्रकल्प पश्चिम बंगालमधून गुजरातेतील साणंद येथे हलविण्याचे ठरले, आणि कारखाना उभा राहण्याआधीच, ९ ते २५ एप्रिल २००९ या सतरा दिवसांत, नोंदणी झाली. दोन लाखांहून अधिक अर्ज आले आणि जवळपास अडीच हजार कोटी रुपये गोळा झाले. गाड्या पुरणार नाहीत हे उघडच होते. तेव्हा कंपनीने संगणकाद्वारे सोडत काढली, पहिल्या एक लाखांची निवड केली आणि ज्यांना अधिक थांबावयाचे होते त्यांच्या ठेवीवर व्याज देऊ केले. १७ जुलै २००९ रोजी मुंबईत पहिल्या ग्राहकास किल्ली मिळाली.

या गाडीचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. साणंदचा कारखाना सुरू झाला, गाड्या भरपूर होऊ लागल्या आणि रांग मात्र विरघळून गेली. २०१८ पर्यंत उत्पादन जवळजवळ थांबले. रांगेची लांबी हे मागणीचे माप नव्हे, ते बऱ्याचदा आशेचे आणि थोडेसे जुगाराचे माप असते, हा त्यातील एक धडा. ‘स्वस्त’ म्हणून मिरविलेली वस्तू मध्यमवर्गास नको असते हा दुसरा. परंतु तो समाजशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी सोडून देऊ. येथे प्रस्तुत असलेली गोष्ट वेगळीच आहे. नॅनोच्या नोंदणीत, काही झाले तरी, क्रम उघड होता. सोडत जाहीर होती, ज्यास थांबावे लागले त्याच्या पैशास व्याजाचा आधार होता, आणि कोणत्याही शोरूममधील कोणत्याही व्यवस्थापकास अमक्याचे नाव वर आणि तमक्याचे खाली करण्यास फारसा वाव नव्हता. सरकारी आदेशाशिवाय, एका खाजगी कंपनीने आपण होऊन हे केले. म्हणजे ते करता येते.

आता आजची स्थिती पाहावी. २०२१ आणि २०२२ मध्ये सेमीकंडक्टर चिपांची जगभर टंचाई पडली आणि गाड्यांच्या रांगा परत आल्या. २०२२ च्या उत्तरार्धात एकट्या मारुतीकडेच साडेतीन लाखांहून अधिक गाड्यांची मागणी पुरी व्हावयाची राहिली होती. ती टंचाई खरी होती आणि तिचा दोष शोरूमला देता येणार नाही. परंतु टंचाई ओसरली तरी एक सवय मागे राहिली. ग्राहकाने थांबावे, आणि का थांबावयाचे ते विचारू नये, ही ती सवय.

आजच्या नोंदणीच्या अर्जामागे बारीक अक्षरांत ज्या अटी छापलेल्या असतात त्या फारसे कोणी वाचत नाही. त्यांतील एक अट बहुधा सर्वत्र असते: गाडी सुपूर्त होईल त्या दिवशी जी किंमत असेल ती ग्राहकाने द्यावी. आता कंपन्या साधारणतः नव्या वर्षाच्या आरंभी किमती वाढवितात. नोव्हेंबरात नोंदलेली गाडी जानेवारीत आली की वाढीचा भार ग्राहकावर. उशीर केला एकाने, दंड भरला दुसऱ्याने. उलट डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत गळ्यात पडली तर बनविल्याचे वर्ष जुने राहते आणि पुढे विकतेवेळी तिची किंमत तेवढ्याने उतरते. तात्पर्य, काळाचे ओझे दोन्ही बाजूंनी ग्राहकाच्याच खांद्यावर.

एकदाच हे चक्र उलटे फिरले. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वस्तू व सेवा करात सुधारणेची घोषणा केली. ३ सप्टेंबरला परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमक्या घटस्थापनेपासून, लहान मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि बाराशे सी.सी. पर्यंतच्या पेट्रोल गाडीवर तोवर २८ टक्के कर आणि वर एक टक्का भरपाई उपकर होता. करपूर्व पाच लाखांच्या गाडीवर पूर्वीचे १ लाख ४५ हजार जाऊन ९० हजार आले. ५५ हजारांचा फरक. त्या पाच-सहा आठवड्यांत ग्राहकानेच गाडी घेण्याचे नाकारले. ‘येऊ द्या दसऱ्याला,’ असे तो म्हणू लागला, आणि ‘आजच घेऊन जा’ असे शोरूमचे दूरध्वनी त्यास येऊ लागले. विक्रेत्यांकडे उभ्या असलेल्या गाड्यांवर भरलेला उपकर वळता होण्याची वाट बंद झाली. त्यांच्या संघटनेने या रकमेचा आकडा सुमारे अडीच हजार कोटी रुपये सांगितला होता. थांबण्याचे ओझे आपल्या खांद्यावर आले की ते किती जड असते, याचा अनुभव विक्रेत्यांनी त्या महिन्यात घेतला. त्यांनी तो लक्षात ठेवला तर बरे.

विक्रेत्याची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. त्यास खलनायक ठरविण्याने काही साधत नाही. तो गाडी बनवीत नाही. कंपनीकडून तो ती घाऊक भावाने उचलतो, बहुधा बँकेच्या उचलीवर, आणि आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवर त्याचे व्याज चढत असते. कोणते मॉडेल किती द्यावयाचे हे कंपनी ठरविते. जे खपत नाही तेही त्यास घ्यावे लागते. गाडीच्या विक्रीवर मिळणारी दलाली थोडी. त्याचा नफा उरतो तो विम्यात, कर्जाच्या दलालीत, आसनांची कापडे, गालिचे, ध्वनियंत्रणा असल्या जोडसामानात आणि पुढील दुरुस्तीत. येथेच मेख आहे. गाड्या कमी आणि ग्राहक अधिक असतील तेव्हा जो ग्राहक विमाही येथूनच घेईल, कर्जही येथूनच काढील आणि तीस हजारांचे जोडसामानही मुकाट्याने बसवून घेईल, तो विक्रेत्यास अधिक प्रिय वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. ज्याने शिक्षकांच्या सहकारी बँकेतून कर्ज आणले आहे, विमा आपल्या ओळखीच्या प्रतिनिधीकडून घ्यावयाचा म्हणतो आणि गालिचा नको म्हणतो, त्याची गाडी ‘वाटेत’ जरा अधिक काळ राहू शकते. राहतेच असे नव्हे. पण राहिली तर त्यास ते कधी कळणार नाही, कारण त्याच्या पुढे कितीजण होते हेच त्यास ठाऊक नाही. विमा कोणाकडून घ्यावयाचा हे ठरविण्याचे स्वातंत्र्य ग्राहकास पूर्ण आहे. परंतु वहीच नसली की स्वातंत्र्याचा उपयोग करणाऱ्यास शिक्षा झाली की नाही हे सिद्ध करण्याचा मार्ग राहत नाही.

पूर्वी ‘ऑन’ रोख द्यावा लागे. आज तो जोडसामानाच्या बिलात पावतीसह देता येतो. प्रगती झाली, ती एवढीच.

जामखेडसारख्या गावास हे सारे अधिक जाचते, आणि त्याचे कारण अंतर. पुण्याचा ग्राहक एका शोरूममध्ये नाराज झाला तर संध्याकाळी दुसऱ्यात जातो. त्याच्या पाय काढण्याच्या शक्यतेनेच विक्रेता नरम राहतो. जामखेडच्या ग्राहकास एका फेरीसाठी रजा काढावी लागते, दीडशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो आणि ‘साहेब आज बाहेर गेले आहेत’ हे ऐकून परतावे लागते. अंतर हीच एक मक्तेदारी आहे, आणि तीवर कोणत्याही स्पर्धा आयोगाची नजर पडत नाही. त्यातून कर्जाची गोष्ट. बँक रक्कम मंजूर करते आणि ती परस्पर विक्रेत्याच्या खात्यात भरते. त्या दिवसापासून व्याज चालू. पाच लाखांचे कर्ज दर साल दर शेकडा ९ ने घेतले तर महिन्याचे व्याज पावणेचार हजार रुपये होते. गाडी दोन महिने लांबली तर साडेसात हजार रुपये ग्राहकाने न चालविलेल्या गाडीपायी भरलेले असतात. तेवढे दिवस विक्रेत्याच्या हाती मात्र पाच लाख बिनव्याजी खेळतात. एका गाडीस हा हिशेब क्षुल्लक वाटेल. पगारदार माणसाच्या घरी साडेसात हजार म्हणजे मुलाच्या शिकवणीचे पैसे असतात.

मग उपाय काय? १९५९ चा आदेश पुन्हा आणावा, असे कोणी म्हणू नये. किंमत बांधणे, उत्पादन बांधणे, कोटे राखणे या सगळ्याची फळे देशाने चाखली आहेत आणि त्यांची चव अजून जिभेवरून गेलेली नाही. परंतु नियंत्रण फेकून देताना त्याबरोबर नोंदवहीही फेकली गेली, हे योग्य झाले नाही. बाजार मोकळा असणे आणि बाजारातील व्यवहार अंधारात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंबहुना मोकळ्या बाजारास उजेडाची गरज अधिक असते, कारण तेथे देखरेख करणारा अधिकारी नसतो; देखरेख ग्राहकानेच करावयाची असते, आणि त्यासाठी त्यास माहिती हवी.

मागणी अशी फार मोठी नाही. नोंदणीच्या पावतीवर त्या मॉडेलच्या त्या प्रकारातील प्रतीक्षाक्रम छापलेला असावा, आणि तो क्रम कंपनीच्या संगणकावर ग्राहकास घरबसल्या पाहता यावा. रेल्वेच्या प्रतीक्षायादीत आपण कितवे आहोत हे जामखेडचा माणूस, गावात रेल्वे नसतानाही, हातातील फोनवर पाहू शकतो. मोटार कंपन्यांना हे तंत्र अवघड आहे असे मानण्याचे कारण नाही. कबूल केलेली तारीख लेखी असावी. ती टळल्यावर किमतीत वाढ झाल्यास ती ग्राहकाकडून घेऊ नये. घट झाल्यास मात्र द्यावी. यावर कंपन्या म्हणतील की हा एकतर्फी न्याय झाला. आजवरचा न्यायही एकतर्फीच होता, फक्त बाजू दुसरी होती. आणि कर्जाची रक्कम विक्रेत्याकडे जाण्याची वेळ गाडी आवारात आल्यावरची असावी, आधीची नव्हे. हे शेवटचे करण्यास कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही. सहकारी बँका आणि पगारदारांच्या पतसंस्था आपल्या सभासदांसाठी उद्यापासून तसे करू शकतात: गाडीचा सांगाड्याचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक कळवा, मग रक्कम घ्या. ज्या संस्थेचे संचालक निवडणुकीत सभासदहिताच्या घोषणा करतात त्यांनी एवढा एक ठराव करून दाखवावा.

कायदा अगदीच निर्बल आहे असे नाही. ग्राहक चळवळीची मुळे याच महाराष्ट्रात आहेत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली तेव्हा रॉकेल, साखर आणि स्कूटर या साऱ्यांच्या रांगा ऐन भरात होत्या. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागी २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्यात एक मोठी सोय आहे. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता पुण्याचा वा बीडचा असला तरी जामखेडच्या माणसास त्याच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. अवाजवी अनामत मागणारा, किंवा एकाच पक्षास सारी मोकळीक देणारा करार ‘अन्याय्य करार’ ठरू शकतो, हेही त्या कायद्यात आले आहे. मात्र तशा तक्रारीसाठी राज्य आयोगाकडे जावे लागते, आणि अकरा हजारांच्या अनामतीपायी तेथवर जाणारा ग्राहक विरळाच. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवा आहे. तिचा उपयोग होतो. पण तक्रार नोंदविताना पहिला प्रश्न येतो तो कागदाचा. विक्रेत्याने गाडी कधी देण्याचे कबूल केले होते, याचा पुरावा काय?

आणि पुरावा नसतो. तारीख तोंडी असते, क्रम तोंडी असतो, रंग न मिळण्याचे कारण तोंडी असते. लेखी असते ती फक्त ग्राहकाने भरलेली रक्कम. म्हणून तूर्त, कंपन्या आणि सरकार यांना जाग येईपर्यंत, ग्राहकाच्या हाती एक साधी गोष्ट आहे. पैसे भरतेवेळी, म्हणजे सरबराई अद्याप चालू असताना, मॉडेलचे पूर्ण नाव, रंग, कबूल केलेली तारीख आणि रद्द केल्यास अनामत किती दिवसांत परत मिळेल, ही चार वाक्ये पावतीवर लिहून मागावीत व खाली सही-शिक्का घ्यावा. विक्रेता लिहून देण्यास तयार नसेल तर त्याच्या शब्दाची किंमत तेथेच कळते, आणि दहा-अकरा हजार रुपये अजून खिशातच असतात.